न्हाणीजवळचा अकरावा पाम

उकंडा मनवरने नागपूरहून पामच्या अकरा बिया आणल्या आणि त्यांतल्या दहांचा निकाल स्वतःच्या हाताने लावला. हे त्याचा कुणी वैरी सांगत नाही, तो स्वतःच सांगतो. आणि दहाचा आकडा असा ठासून सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा दहा वाघ मारून आलेला शिकारी आहे. दारव्ह्याच्या सरकारी विश्रामगृहाच्या बागेत तो माळी आहे. बोरखेडीहून रोज सायकलने येतो. कुणी गुलाब का वाळला, क्रोटन का झडलं म्हणून विचारायला आलं, की तो आधीच सांगून घेतो, "पाह्य बापा, माह्या हातानं काय जगते ते मले अजून समजलं नाई. पण काय मरते, त्याचा माहा अभ्यास पक्का आहे."

त्याच्या नावाचीही हीच तऱ्हा. त्याच्याआधी त्याच्या मायची चार लेकरं गेली. पाचवं झालं तेव्हा शेजारणींनी सांगितलं, याला उकिरड्यावर लोळव, म्हणजे मरण याच्याकडे बघणार नाही. सत्यभामाबाईने लोळवलं, नाव उकंडा ठेवलं, आणि लेकरू जगलं. पुढे छप्पन साली वस्तीतल्या पोरांनी जुनी नावं टाकून नवी घेतली. शाळेवरचे गुरुजी धर्मपाल झाले. उकंडाही नवं नाव घ्यायला निघाला होता. मायने विचारलं, "अन् जुन्या नावानं तू मेला का जगला?" तो जगला होता. तेव्हा नाव तेच राहिलं. "खताच्या बाबतीत मी जन्मापासूनचा जाणकार," असं तो म्हणतो. खताने त्याचं काय केलं ते पुढे येईलच.

त्याच छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्याने यवतमाळच्या सरकारी रोपवाटिकेत सहा महिन्यांचं माळीकामाचं शिक्षण पुरं केलं होतं. बोरखेडीच्या बौद्धवाड्यात, तेव्हा त्याला तसं म्हणत नव्हते, सरकारी शिक्का असलेला कागद आणणारा तो पहिलाच. कागद त्याने काचेच्या चौकटीत बसवून दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगला. येणाऱ्याने आधी कागद बघावा, मग माणूस, अशी सोय. स्वतः उकंडा कबूल करतो की त्या दिवसांत तो साध्या वांग्याच्या रोपाशीही शुद्ध भाषेत बोलायचा.

दसऱ्याला सगळी वस्ती दीक्षेसाठी नागपूरला निघाली. पांढरे कपडे धुऊन, भाकरी बांधून, कुणी रेल्वेने, कुणी पायी. सत्यभामाबाईनेही लुगडं धुऊन वाळत घातलं होतं. पण तिची सासू डोळ्यांनी अधू आणि अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. शेजारणीला विचारलं, तर शेजारीणही निघालेली. सगळी वस्तीच निघालेली. शेवटी सत्यभामाबाईने वाळलेलं लुगडं घडी घालून पेटीत ठेवलं आणि लेकाला म्हणाली, "तू जाय. डोळे उघडे ठेवजो. मले सगळं सांगायचं आहे तुले."

उकंडाने डोळे उघडे ठेवले. पण माळ्याचे डोळे. लाखो माणसांचा तो पांढरा समुद्र त्याने पाहिला, दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा खड्या आवाजात म्हटल्या. आणि परत स्टेशनकडे येताना एका बंगल्याच्या कुंपणाशी तो जो थांबला, तो हलेचना. दोन्ही बाजूंनी पामची रांग होती. खोडं गुळगुळीत, पांढुरकी, चुन्याने सारवल्यासारखी. त्यावर हिरवी मान, आणि मानेवर पानांचा झुबका. रोपवाटिकेच्या पुस्तकात त्याने रॉयल पामचं चित्र पाहिलं होतं, ते झाड आता समोर उभं होतं. खाली काळी-जांभळी फळं पडली होती. त्याने अकरा वेचली. रुमाल नव्हता, म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकली. गावी पोचेपर्यंत खिसा जांभळा झाला. दीक्षेचा सदरा त्याने असा बाटवला म्हणून नातेवाईक वर्षभर त्याला 'जांभळे' म्हणत होते.

घरी आल्यावर मायने त्याला बसवून सगळं विचारलं. किती लोक होते, बायका किती होत्या, कुठे बसल्या, पाणी कुठून प्यालात, प्रतिज्ञा कशी म्हटली. त्याने प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या, ती मागून म्हणत गेली. बाविसावी झाल्यावर तिने हात जोडले. मग म्हणाली, "अन् मले काय आणलं नागपूरचं?"

उकंडा चपापला. मायसाठी काही आणावं हे त्याच्या ध्यानीमनीच नव्हतं. खिशात हात घातला, एक बी काढली आणि हसत तिच्या हातावर ठेवली. "हे घे. नागपूर."

तो ही गंमत दोन मिनिटांत विसरला. त्याला उरलेल्या दहांची घाई होती.

त्या दहांची कथा थोडक्यात अशी. बाभळीचं बी कडक असतं, ते गरम पाण्यात भिजवलं की लवकर उगवतं, असं रोपवाटिकेत शिकवलं होतं. पामचं बीही कडकच. उकंडाने चार बिया गरम पाण्यात टाकल्या. पाणी जरा जास्तच गरम असावं, कारण सत्यभामाबाईने नंतर त्या काढल्या तेव्हा म्हणाली, "मीठ टाकलं का?" सहा बिया पेरल्या. त्यांतली एक उगवली का नाही हे तो रोज उकरून पाहायचा, तेव्हा ती बिचारी उगवायला मोकळी झालीच नाही. उरलेल्या पाच उगवल्या. एक बकरीने खाल्ली. हा एकच मृत्यू तो बकरीच्या नावावर लावतो, पण खुंटा त्यानेच सैल ठोकला होता हेही सांगतो. एका रोपाला फुटवे यावेत म्हणून त्याने शेंडा खुडला. झेंडूला खुडतात, क्रोटनला खुडतात, मग पामला का नाही? फुटवे आले नाहीत. पंधरा दिवसांनी रोपच हातात आलं. एकाला पाणी जास्त झालं, एकाला सल्फेटचं खत जास्त झालं. आणि शेवटचं, चार पानांचं, तळहाताच्या फोडासारखं जपलेलं, त्याने विश्रामगृहाच्या ओसरीत कुंडीत ठेवलं होतं. मे महिन्यात त्याच्या मनात आलं, याला उन्हाची सवय करावी. एकाच दुपारी सवय झाली. संध्याकाळी पानं पापडासारखी मोडत होती.

अठ्ठावन सालच्या पावसाळ्यात तो न्हाणीवर हात धूत होता. घरामागे चार दगड टाकलेली न्हाणी, तिचं पाणी जिथून वाहून जाई तिथे ओल कायमची. त्या ओलीत एक शिंदीचं रोपटं उगवलेलं दिसलं. रान माजलंय म्हणून त्याने वाकून मूठ घातली आणि ओढणार, एवढ्यात मागून मायचा आवाज आला.

"हात नको लावू त्याले!"

"माय, शिंदी आहे ते. उपटून टाकतो."

"शिंदी तुह्या कागदात असंल. ते नागपूर आहे."

उकंडाने खाली बसून पाहिलं. पानं तीच. देठाचा हिरवा गुळगुळीतपणा तोच. दहांचा निकाल लावलेला, पुस्तकातलं चित्र पाठ असलेला माणूस स्वतःच्याच घरी ते झाड ओळखू शकला नव्हता. मायने ती गमतीत मिळालेली बी त्याच दिवशी तिथल्या ओलीत अंगठ्याने दाबून ठेवली होती. भांडी विसळायची, आंघोळीचं पाणी तिकडेच जायचं. बाकी काही केलं नव्हतं.

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर जगलं असतं का?"

मग माय-लेकात करार झाला. उकंडाने त्या झाडाला हात लावायचा नाही, खत घालायचं नाही, आणि पुस्तक घेऊन त्याच्याजवळ उभंही राहायचं नाही. साठ साली नलू लग्न होऊन घरात आली, तिनेही सासूची बाजू घेतली. तिने परसात वांगी लावली आणि नवऱ्याला बजावलं, "तुमी सरकारची बाग पाहा. घरचं मी पाह्यते." घरात दोन बायका आणि सरकारी कागद असलेला एक माळी. त्या माळ्याला स्वतःच्या परसात जायची चोरी.

झाड मात्र वाढलं. बुडाशी गुडघ्याएवढं गोरं खोड फुगलं, वर मान आली, पानं माणसाच्या डोक्यावर गेली. वस्तीतले लोक त्याला 'सायबाची शिंदी' म्हणू लागले. सत्यभामाबाई कुणी आलं की पिण्याचं पाणी देताना हळूच न्हाणीकडे बोट दाखवी. "आमचं नागपूर."

बासष्टच्या शेवटी वस्तीने विहार बांधायला काढला. मातीच्या भिंती, वर टिनं, पुढे ओटा. वैशाखी पौर्णिमेला मूर्ती बसवायची ठरलं. समोर झाड कोणतं लावायचं यावर बैठक बसली. धर्मपाल गुरुजी म्हणाले, पिंपळ लावू, त्याच्याखालीच ज्ञान झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच विषय संपला असता. पण उकंडा उठला.

"गुरुजी, पिंपळ चांगला आहे. पण त्याची मुळं भिंतीत शिरतात. वीस वर्षांत विहार फाटंल. शास्त्र सांगते, इमारतीजवळ झाड असं पाहिजे की ज्याची मुळं बारीक अन् झुबक्याची. पामची मुळं तशी असतात."

"पाम आणायचा कुठून?"

"आमच्या न्हाणीपासून. नागपूरचंच बी आहे, त्याच दिवशीचं. मी मुळासकट काढून इथं उभं करतो. पौर्णिमेले मूर्ती येईल, तवा दारात हिरवंगार झाड असंल. हा माहा शब्द."

नागपूरचं बी म्हटल्याबरोबर बैठकीचा रंग बदलला. लोकांना ते एकदम पटलं. मग सगळ्यांच्या माना मागे वळल्या, बायकांमध्ये बसलेल्या सत्यभामाबाईकडे.

"विहारापुढं लावता, तर न्या," ती म्हणाली. "सगळ्याइचंच आहे ते. पण उकंड्या, एक ऐक. मी नागपूर पाह्यलं नाई. माहं नागपूर तेवढंच आहे. ते मारलं, तर मले तोंड दाखवू नको."

उकंडा हसला. तो सांगतो, त्या वेळी तो खरंच हसला. चार वर्षांनी त्याला त्या झाडाला हात लावायची परवानगी मिळाली होती. माय काय म्हणाली ते त्याला ऐकूच आलं नाही.

माघात त्याने झाड हलवलं, आणि चांगलं हलवलं. हे त्याच्या शत्रूनेही मान्य करावं. भोवती हातभर लांबून चर खणला, मुळांचा गोळा पोत्यात बांधला, सुतळीने आवळला, आठ जणांनी उचलून बैलबंडीत ठेवला. बंडीच्या पुढे तो उलटा चालत होता, वरातीत नवरदेवापुढे नाचणारे चालतात तसा. विहारासमोर खड्डा आधीच तयार होता. त्या खड्ड्यात काय आहे हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. माळ्याचं गुपित, म्हणून सांगितलं नव्हतं. झाड बसलं, माती लोटली, पाणी दिलं. एक पान पिवळं पडलं, बाकी टवटवीत राहिली. सत्यभामाबाई विहिरीवरून रोज दोन घागरी आणून बुडाशी ओतू लागली. फाल्गुन गेला, चैत्र लागला, तरी झाड हिरवं. लोक जाता-येता म्हणत, "वा, मालीबुवा!" आणि उकंडाची मान पामच्या मानेसारखी ताठ होई.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. ओट्यावर सभा झाली, गुरुजी बोलले, पोरांनी गाणी म्हटली. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता मालीबुवांनी झाडाबद्दल दोन शब्द बोलावे. दोन शब्दांवर उकंडाने थांबायला हवं होतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला, "लोक मले विचारतात, हे झाड उन्हाळ्यात कसं टिकलं? हा चमत्कार नाई. आपण चमत्कार मानत नाई. हे शास्त्र आहे! मुळाले स्फुरद लागते. स्फुरद असलं की मुळं धरतात. अन् स्फुरद सगळ्यात जास्त कशात असते? हाडाच्या चुऱ्यात! मी शेतकी डेपोतून पोतंभर हाडाचा चुरा आणला, अन् या खड्ड्यात..."

तो थांबला, कारण टाळी वाजली नव्हती.

बोरखेडीच्या त्या वस्तीला हाड म्हणजे काय हे पुस्तकातून कळलं नव्हतं. गावात बैल मेला, गाय मेली, की ओढून न्यायची ती याच लोकांनी. सोलायची त्यांनी. छप्पनच्या दसऱ्यानंतर त्यांनी ते काम सोडलं. पहिला बैल तीन दिवस पडून राहिला, गावाने एक हंगाम वस्तीतल्या कुणाला कामाला बोलावलं नाही, तरी सोडलं ते सोडलं. त्या वेळी पुरुष विचार करत बसले होते. सत्यभामाबाई उठली, घरातली सोलायची सुरी घेतली, नाल्याच्या डोहात फेकली आणि आंघोळ करून आली. तिच्यामागे बाकीच्या घरांतल्या सुऱ्या गेल्या. आणि आता तिच्याच लेकाने, विहाराच्या दारात, पोतंभर हाडं पुरली होती. वर त्याच्यावर भाषण करत होता.

सत्यभामाबाई उठून ओट्याजवळ आली. "उकंड्या, तू खरं सांगून राह्यला?"

"माय, ती पावडर असते. कारखान्यात होते. पांढरी, पिठासारखी. वास पण..."

"हाड वाईट नसते रे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "माह्या अंगात बी हाडंच आहे. पण गावातलं हाड फिरून फिरून आपल्याच दारात यायला लागते, अन् आपणच ते आणतो, हे वाईट. मी दोन महिने त्याच्यावर पाणी वाहून राह्यली अन् मले कोणी सांगितलं नाई."

दुसऱ्या दिवशी विहारासमोर घागर आली नाही. सत्यभामाबाईने ती घरी पालथी घालून ठेवली होती.

उकंडाने घरी नलूपुढे शास्त्र मांडून पाहिलं. नलू भाकरी थापत होती.

"पीठ करून आणलं म्हणून काय झालं? बैल तर तोच ना."

"पण स्फुरद..."

"तुमाले हा स्फुरद कोण शिकवला हो? त्याले म्हणा, सासूबाईले येऊन समजाव."

दोन दिवस तो सायकलवर जाता-येता स्वतःशीच वाद घालत होता. शास्त्र त्याच्या बाजूने होतं, याबद्दल त्याला आजही शंका नाही. पण पालथी घागर शास्त्रात कुठे बसत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कुदळ आणि घमेलं घेऊन विहारासमोर गेला आणि खणायला लागला.

चुरा वेचून काढता येत नाही. तो मातीत मिसळलेला. म्हणजे सगळी मातीच काढायला हवी, मुळांच्या पेरापेरातून. चैत्राच्या उन्हात, नुकत्याच मूळ धरलेल्या झाडाच्या मुळांभोवतीची माती काढणं म्हणजे काय, हे भिंतीवरचा कागद नसलेल्यालाही कळेल. उकंडाला तर चांगलंच कळत होतं. तो खणत होता आणि कोवळी पांढरी मुळं तुटत होती. ती नवी मुळं होती. स्फुरदानेच फुटली होती. हाडांची माती घमेल्याघमेल्याने नेऊन त्याने माळावर लांब टाकली. मग नवी माती कुठली आणायची? तो घरामागे गेला आणि न्हाणीजवळची, झाड जिथून काढलं होतं तिथली, ओली काळी माती खणून नेली. दिवस मावळेपर्यंत चौदा खेपा झाल्या.

माय दारात बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्हाणीवरच्या खड्ड्यात वाकून पाहिलं, घागर सुलटी केली आणि विहिरीकडे गेली.

पण आता उशीर झाला होता. तीन दिवसांत पामच्या पानांनी मान टाकली. आठव्या दिवशी त्यांच्या कडा कागदासारख्या करकरू लागल्या. पौर्णिमा बारा दिवसांवर आली होती. उकंडा विश्रामगृहातून दुपारी रजा घेऊन झाडाजवळ येऊन बसे. आजारी माणसाजवळ बसतात तसा. करायला काही नव्हतं. उरल्या होत्या फक्त त्याच्या माहीत असलेल्या गोष्टी, आणि त्यांनीच हे दिवस आणले होते.

अशाच एका दुपारी धावजी आला. डोंगराकडचा कोलाम आदिवासी, शिंदीच्या पानांचे फडे बांधून गावोगाव झाडू म्हणून विकायचा. फड्यांचा भारा खाली ठेवून त्याने झाडाकडे पाहिलं, मग उकंडाकडे.

"हे शिंदीच्या जातीचं ना?"

"हो."

"मग इतकी पानं काहून ठेवली?"

"पानं नसली तर झाड जेवणार कसं? पान म्हणजे झाडाची चूल. पुस्तकात आहे."

धावजी हसला. "खाली चुलीले लाकूड नाई, पाणी नाई, अन् तू वर दहा चुली पेटवून ठेवल्या. पानं पाणी पिऊन राह्यले, दादा. काप."

"कापू? सगळी?"

"सगळी. मधला कोंब तेवढा ठेव. त्याले हात नको लावू. शिंदीचं काळीज वर असते. आमी जन्मभर पानं कापतो, शिंदी मरत नाई. काळीज कापलं की संपलं."

उकंडा एकदम खजील झाला. पाच वर्षांपूर्वी शेंडा खुडलेलं ते रोप त्याला आठवलं. फुटवे यावेत म्हणून त्याने नेमकं त्याचं काळीज काढलं होतं. हे त्याला सहा महिन्यांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. रोपवाटिकेत पाम नव्हताच, संत्र्याची कलमं होती.

धावजीने स्वतःचा विळा दिला. उकंडाने एकेक पान कापलं. शेवटी खोड, हिरवी मान आणि वर आभाळाकडे रोखलेला, मिटलेला एक कोंब, एवढं राहिलं. धावजीने फड्यांच्या भाऱ्यातली उरलेली पानं विणून खोडाभोवती सावलीला गुंडाळली आणि तो निघून गेला. जाताना म्हणाला, "मेलं तर फडे बांधायले सांगजो. पानं चांगली आहेत."

पौर्णिमेला मूर्ती आली. दारव्ह्याहून पाहुणे आले, यवतमाळहून भजनी मंडळ आलं. आणि विहाराच्या दारात हिरवंगार झाड असायला हवं होतं, तिथे गुंडाळलेला एक खुंट उभा होता.

"मालीबुवा, हे काय लावलं?" एका पाहुण्याने विचारलं.

"खांब," उकंडा म्हणाला. "सरकारी कागदवाल्या माळ्यानं लावलेला खांब आहे. सात वर्षं लागली."

लोक हसले. उकंडाही हसला. माय हसली नाही. झेंडा लावायची वेळ झाली, तेव्हा आणलेला बांबू तडकलेला निघाला. पोरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पंचरंगी झेंडा सरळ त्या खांबाच्या कोंबाला सुतळीने बांधून टाकला. उकंडा "अरे, काळीज..." म्हणेपर्यंत वंदना सुरू झाली होती. मग सोडायचा कुणी?

मायने त्याला तोंड दाखवू नको असं म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जेवताना ती त्याच्याकडे बघेना. सकाळी ती घागर घेऊन जायची, बुडाशी ओतायची. मग टाचा उंचावून झेंड्याच्या खालच्या कडेला हात लावायची, तो हात कपाळाला लावायची आणि परत यायची. बुटकी बाई, तिचा हात जेमतेम पुरायचा. रोज हेच. उकंडा सायकल बाहेर काढताना बघायचा. मेलेल्या झाडाला पाणी घालणाऱ्या मायला काय सांगावं हे त्याला कळत नव्हतं. त्याने कोंबाकडे बघणंच सोडलं होतं. नलूने एकदा विचारलं, "जिवंत आहे का हो ते?" तो म्हणाला, "मी सांगितलं तर मरंल."

मृग लागून आठ दिवस झाले होते. सकाळी तो सायकलमध्ये हवा भरत होता. इतक्यात माय रिकामी घागर घेऊन तरातरा आली. चेहरा लाल.

"उकंड्या! झेंडा कोणं वर बांधला?"

"कोणी नाई बांधला, माय."

"कोणी नाई कसा? महिनाभर माहा हात पुरत होता. काल नखं लागले. आज नखं बी नाई लागत. मले हात लावू नये म्हणून कोणं वर बांधला? ते पोट्टे? का तू?"

"मी काहून बांधीन?"

"मग झेंडा का आपल्या पायानं चढला?"

उकंडाच्या हातातला पंप खाली पडला. तो विहाराकडे पळाला. मागून माय, तिच्या मागून पिठाच्या हाताने नलू. झेंड्याची गाठ पोरांनी बांधली तशीच होती, त्याच सुतळीची, पौर्णिमेच्या धुळीसकट. खालची शिंदीची पानं त्याने बाजूला केली. हिरव्या मानेतून कोंब जिथे बाहेर येतो, तिथे जुना भाग उन्हाने तपकिरी पडला होता. त्याच्या खाली चार बोटं रुंद एक पट्टा होता, ओला, फिकट, पोपटी. महिन्याभरापूर्वी तो मानेच्या आत होता.

त्याने बोट ठेवलं. मग चारही बोटं ठेवून मोजली. मग तो मायचा हात धरून तिथे ठेवू लागला, पण तिचा हात पुरेना. तेव्हा त्याने तिला कमरेला धरून उचललं, लहान पोरीसारखं. पस्तीस किलोची ती बाई वर हात ताणून त्या पोपटी पट्ट्यावर बोटं फिरवू लागली.

"थंड आहे," ती म्हणाली.

"जिवंत आहे, माय. वाढून राह्यलं."

"मले खाली उतरव." खाली उतरल्यावर तिने पदराने डोळे पुसले, मग झेंड्याकडे पाहिलं. "सुतळी सोड आता. तो झेंडा दुसऱ्या बांबूले बांधा. त्याले पान उघडायचं आहे."

गुरुजींच्या घरून बांबू आणला. उकंडाने नखाने गाठ सोडली, सुरीही लावली नाही. आषाढात ते पान उघडलं. पिसासारखं, एका बाजूला जरा वाकडं, सुतळीने आवळलं होतं तिथे चिमटलेलं. आता तो पाम विहाराच्या टिनांच्या वर गेला आहे. खोडावर, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, एक आवळल्यासारखी बारीक जागा आहे. पामचं खोड उपासाचं वर्ष विसरत नाही, ते तसंच अंगावर ठेवतं. नवा माणूस आला की उकंडा त्याला ती जागा दाखवतो. "हे माहं सर्टिफिकेट," म्हणतो. चौकटीतला कागद त्याने केव्हाच पेटीत टाकला आहे.

पान उघडलं त्या संध्याकाळी मात्र तो त्याच्यासमोर उभा राहून बराच वेळ बघत होता. माय शेजारी घागर ओतत होती.

"माय," तो म्हणाला, "आता पाऊस आहे, ओल आहे. नवं पान आलं. आता जरासं, चिमूटभर, शेणखत..."

सत्यभामाबाईने घागर खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

उकंडाने दोन्ही हात मागे घेतले.